ओव्हर देऊन घरी जा



आत्ता मी तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात विंगेतून आले, तेव्हा कोळीनृत्यातल्या एका मुलाची मिशी घामानं सुटायला लागली होती आणि त्याच्या बाई ती एका हातानं दाबून धरत होत्या. माझं भाषण लांबलं तर मिशीही जाईल आणि नाचही बिघडेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणून मोजकंच बोलते.

मी परिचारिका. उमेदीची सगळी वर्षं मिशन हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाले. मुख्याध्यापिका बाईंनी निमंत्रण देताना फोनवर सांगितलं, "सिस्टर, हल्ली मुलांना टेन्शन फार असतं हो. त्यावर काहीतरी बोला." खरंच आहे. समोर दहावीची मुलं बसली आहेत, त्यांना बोर्डाची धास्ती. मागे त्यांचे आईबाप बसले आहेत, त्यांना फीची, पावसाची, सोसायटीच्या हप्त्याची धास्ती. मी ख्रिस्ती आहे. काळजीवर जे औषध मला लागू पडलं, ते ख्रिस्ताजवळ सापडलं, म्हणून त्याच्याविषयीच सांगते. तुमच्यात सगळ्या धर्मांची मुलं आहेत. पटेल ते घ्या.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशूनं काळजीविषयी सांगितलं आहे. कुणाला सांगितलं, हे आधी बघा. समोर गालीलातली साधी माणसं होती. कुणी मासेमार, कुणी शेतमजूर. जाळ्यात मासळी गावली तर चूल पेटणार, आणि वर रोमन सत्तेचा कर भरायचा तो वेगळाच. ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांना काळजी करू नका म्हणणं सोपं असतं. येशूनं ते हातावर पोट असलेल्यांना सांगितलं, आणि आकाशातली पाखरं आणि रानातली फुलं दाखवून सांगितलं.

यावर काही जण म्हणतात, म्हणजे देव देणार, आपण स्वस्थ बसायचं! तुमच्या शाळेच्या आवारात साळुंक्या असतील. उद्या सकाळी जरा नीट बघा. उजाडल्यापासून साळुंकीला क्षणाची उसंत नसते. काडी आण, किडा टिप, पिलाला भरव. ती भरपूर राबते. फक्त उद्या किडे मिळतील का म्हणून ती रात्रभर जागत नाही. येशू स्वतः सुतार होता. राबणाऱ्या हातांना तो कधीच नावं ठेवणार नाही. त्यानं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे, पण ती आजच्यापुरती. वर्षाचं धान्य कोठारात भरून दे, असं त्यात मागितलेलं नाही.

याचं जितंजागतं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेलं. पंडिता रमाबाई. जन्म 1858 सालचा. लहान वयातच त्यांनी दुष्काळ पाहिला, आणि तो लांबून पाहिला नाही. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेल्या भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. पुढे तो भाऊही गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. पदरात तान्ही मनोरमा. उद्याला घाबरायचा हक्क कुणाला असेलच, तर तो या बाईला होता.

त्यांनी काय केलं? 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परत येऊन 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. दहा वर्षांनी काय, हा प्रश्न होताच. रमाबाई त्यावर कुढत बसल्या नाहीत. त्यांनी पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली, म्हणजे संस्थेला स्वतःचं उत्पन्न होईल. मग 1896 चा दुष्काळ आला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा धुमाकूळ. इतक्या जणींना तिथं ठेवता येईना. मग याच केडगावच्या माळावर तंबू पडले आणि मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास तिथं जवळजवळ दोन हजार जणी होत्या. दोन हजार ताटं, तीही सकाळ-संध्याकाळ! रमाबाई प्रार्थनेत देवाकडे पाणी मागत होत्या आणि जमिनीत विहिरीही खणवत होत्या. मुलांनो, विहीर खणणं म्हणजे काळजी करणं नव्हे. विहीर न खणता आभाळाकडे बघत उसासे टाकणं, ती काळजी.

आणखी एक गोष्ट. उतारवयात त्यांनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं, थेट हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून. छपाई केडगावच्याच छापखान्यात. कालपर्यंत अक्षरओळख नसलेल्या बायका तिथं खिळे जुळवायला बसल्या. डोळ्यांसमोर आणून बघा: उलट्या अक्षरांचा एकेक खिळा उचलायचा, ओळ भरायची, ठसा काढायचा, मुद्रितं रमाबाईंकडे पाठवायची. कानाला ऐकू येणं कमी झालेल्या रमाबाई ती तपासायच्या. 1921 साली एकुलती एक मनोरमा त्यांच्या आधी गेली. तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं 1924 मध्ये. आपण लावलेलं झाड फळलेलं पाहायला मिळेल की नाही, हा हिशेब त्यांनी ठेवला नाही. आजचं पान आज तपासलं. विश्वासूपणे जगणं म्हणतात ते हेच.

आता तुमच्यापैकी एखादी म्हणेल, सिस्टर, मला तर पेपर हातात आला की घाम फुटतो, म्हणजे माझा विश्वास कमी का? नाही गं बाळ. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला होता. हा प्रसंग टळावा, असं त्यानं पित्याला उघड सांगितलं. मित्रांना सांगितलं, जरा माझ्यासोबत जागे राहा. भीती वाटणं हे पाप नाही. ती मनात दाबून, सगळं ठीक आहे म्हणत फिरू नका. देवाला सांगा आणि माणसांनाही सांगा. आईला, बाबांना, बाईंना सांगा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. मिशन हॉस्पिटलात आम्ही सकाळी उपासना करायचो आणि लगेच इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवायचो. दोन्हीही देवाचंच काम होतं.

माझ्या पेशानं मला एक चांगली सवय लावली. ड्यूटी संपली की आम्ही पुढच्या सिस्टरला ओव्हर द्यायचो. वही उघडायची आणि खाटेखाटेपाशी जाऊन सांगायचं: चार नंबरचं सलाईन आठला संपेल, सहा नंबरच्या आजींना ताप आहे, दर तासाला बघ, नऊ नंबरचं बाळ दूध ओढत नाही. मग सही करायची, एप्रन काढायचा आणि घरी जायचं. नवीन आलेल्या मुलींना हे जमायचं नाही. घरी गेल्या तरी जीव वॉर्डात अडकलेला. मी त्यांना सांगायची, "तुझ्या पाळीत तू हयगय केलीस का? नाही ना? मग आता जी जागी आहे तिच्यावर सोपव आणि झोप. नाहीतर उद्या हात थरथरेल आणि शीर सापडणार नाही."

माझी रात्रीची प्रार्थनाही तशीच असते. अमक्याचं असं झालं, तमक्याचं राहिलं, हे माझ्या हातून झालं, हे माझ्या हाताबाहेरचं आहे. एकेक नाव घेऊन देवाला ओव्हर देते. तो झोपत नाही, हा माझा विश्वास. म्हणून मी झोपते. पण ओव्हर द्यायचा हक्क मिळतो तो पाळी नीट केल्यावर. रात्री तीन वाजता कुणी बघत नसताना नाडी न मोजता तक्त्यावर आकडा टाकला आणि मग देवावर भार टाकला, तर त्याला विश्वास म्हणत नाहीत. ती कामचुकारपणावर ओढलेली चादर.

पालकांनो, तुम्हालाही एक सांगते. तुमच्या काळजीचं गाठोडं मुलाच्या दप्तरात कोंबू नका. दप्तर आधीच जड आहे. शेजारच्या मुलाला किती टक्के पडले, हे जेवणाच्या ताटावर काढू नका. मुलांबरोबर बसा. जी काही तुमची श्रद्धा असेल, तिच्यानुसार देवाजवळ दोन शब्द बोला आणि दिवा मालवा.

मुलांनो, आज ज्यांना बक्षिसं मिळाली त्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी रमाबाईंचं नाव लक्षात ठेवा. कुठल्याही स्नेहसंमेलनात त्यांना कप मिळाला नव्हता, पण त्यांनी उभं केलेलं केडगावचं मुक्ती मिशन आजही निराधार मुलींना आणि स्त्रियांना घर देतं आहे. आजपासून एवढंच करा. दिवसभर हातातलं काम प्रामाणिकपणे करा, जमेल तिथं विहीर खणा, आणि रात्री उरलेलं सगळं देवाच्या हाती देऊन गाढ झोपा. उद्या सकाळी ताज्या मनानं उठाल, तेव्हा करण्यासारखं पुष्कळ असेल.

देव तुम्हा सर्वांचं भलं करो.