सार्वकालिक जीवन : आज की परलोकी?

(रुग्णालयाच्या वार्षिक स्मरणसभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षात ज्यांनी या वास्तूत अखेरचा श्वास घेतला, त्यांचे स्मरण करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत. अशा प्रसंगी बोलण्याचा अधिकार खरे म्हणजे धर्मगुरूंचा अथवा डॉक्टरांचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च हा माझा प्रांत. परंतु रुग्णांचे नातेवाईक आमच्या कार्यालयात केवळ बिलाची चौकशी करण्यासाठी येत नाहीत. ख्रिस्ती कुटुंबांकडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : सार्वकालिक जीवन आमच्या माणसाला मृत्यूनंतर मिळाले, की ते त्याच्यापाशी आधीपासूनच होते? आणि आधीपासून होते, तर मग या यातना कशासाठी? आज याच प्रश्नाचा यथामती विचार मांडतो. आपल्यापैकी अन्य धर्मीय बंधुभगिनींनाही तो परका वाटणार नाही, असा विश्वास आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. मूळ ग्रीक शब्द ‘झोए आयोनिओस’. त्यातील ‘आयोन’ म्हणजे युग. यहुदी परंपरेत काळाचे दोन भाग मानले जात : चालू युग आणि येणारे युग. तेव्हा सार्वकालिक जीवन म्हणजे केवळ न संपणारी वर्षे नव्हेत. ते त्या येणाऱ्या युगाचे, देवाच्या राज्याचे जीवन होय.

पहिल्या तीन शुभवर्तमानांत हे जीवन बहुतांशी भविष्यातले आहे. मार्काच्या १०व्या अध्यायात घरदार सोडून आलेल्या शिष्यांना या युगात बंधुभगिनी आणि छळ यांचे, तर येणाऱ्या युगात सार्वकालिक जीवनाचे आश्वासन मिळते. मत्तयाच्या २५व्या अध्यायात ते अंतिम न्यायाच्या वेळी दिले जाते. इ. स. ३८१च्या मतांगीकाराचा शेवटही मृतांचे पुनरुत्थान आणि येणाऱ्या युगाचे जीवन यांच्या प्रतीक्षेनेच होतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा सूर मात्र वेगळा. तेथे हा शब्दप्रयोग १७ वेळा येतो. ५व्या अध्यायात येशू सांगतो, की जो ऐकतो आणि विश्वास ठेवतो त्याच्याजवळ हे जीवन आहे; तो मरणातून जीवनात येऊन पोहोचलाही आहे. ‘मिळेल’ असे तेथे म्हटलेले नाही. १७व्या अध्यायात तर या जीवनाची व्याख्याच केली आहे : देवाला आणि त्याने पाठविलेल्या ख्रिस्ताला ओळखणे. ओळख ही काही मृत्यूनंतरच सुरू होणारी गोष्ट नव्हे.

मग शास्त्रातच विसंगती आहे काय? तसे नाही. त्याच योहानाच्या ६व्या अध्यायात दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत : विश्वासणाऱ्याला जीवन मिळालेले आहे, आणि शेवटच्या दिवशी त्याला उठविण्यातही येईल. ११व्या अध्यायात लाजाराच्या मृत्यूने शोकाकुल झालेली मार्था म्हणते, की शेवटच्या दिवशी भाऊ उठेल हे मला ठाऊक आहे. येशू तिची ती आशा खोडून काढत नाही. पुनरुत्थान आणि जीवन तुझ्यासमोर उभे आहे, एवढेच तो सांगतो. आणि तरीही कबरेकडे जाताना तो रडतो. जीवन आज आहे, म्हणून अश्रू खोटे ठरत नाहीत.

विसाव्या शतकातील अभ्यासकांतही या प्रश्नावर मतभेद झाले. आल्बर्ट श्वाइत्झर यांनी १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात येशूची दृष्टी सर्वस्वी येणाऱ्या राज्याकडे होती असे प्रतिपादन केले. सी. एच. डॉड यांनी १९३५ साली उलट बाजू मांडली : ते राज्य येशूच्या कार्यात आलेलेच आहे. ऑस्कार कुलमान यांनी १९४६ साली युद्धाचा दाखला देऊन दोन्ही बाजू सांधल्या. निर्णायक लढाई जिंकली गेली, तरी विजयदिन यावयाचा असतो. मधल्या काळात सैनिक घायाळ होतच राहतात. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. ज्या श्वाइत्झरांनी भविष्यावर सर्वाधिक भर दिला, तेच १९१३ साली आफ्रिकेतील लांबारेने येथे गेले आणि त्यांनी तेथे रुग्णालय उभारले.

माझ्या व्यवसायाला जवळचा दाखला मात्र संत पौलाने दिला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ५व्या अध्यायात तो शरीराला मोडकळीस आलेल्या तंबूची उपमा देतो, त्या तंबूत आपण कण्हतो असे म्हणतो, आणि त्याच ठिकाणी सांगतो की देवाने आपल्याला आत्मा ‘अराबोन’ म्हणून दिला आहे. मराठी बायबलात यासाठी ‘विसार’ हा अगदी नेमका शब्द आहे. जमिनीचा व्यवहार ज्यांनी केला आहे त्यांना विसार समजावून सांगावा लागत नाही. विसार म्हणजे पूर्ण किंमत नव्हे; पण ती नुसती तोंडी बोलीही नव्हे. ती खरी रक्कम असते, त्याच किमतीचा पहिला भाग असते, आणि उरलेला व्यवहार पुरा होण्याची हमी असते. ख्रिस्ती मनुष्याला सार्वकालिक जीवन आज मिळते काय? होय, विसार म्हणून. ते परलोकी मिळते काय? होय, पूर्ण ताबा तेव्हाच.

या दोहोंपैकी एकच बाजू धरली की त्याची झळ रुग्णाला लागते. सारे काही परलोकातच आहे असे मानले, तर वेदना निमूटपणे सोसण्याचा उपदेश सोपा होतो. सारे काही आजच मिळाले आहे असे मानले, तर ज्याचा आजार हटत नाही त्याच्या श्रद्धेवर संशय घेतला जातो. आणि अखेरच्या दिवसांत रुग्णाला याहून क्रूर वागणूक दुसरी नाही. पुनरुत्थान होऊन गेले असे शिकविणाऱ्यांविरुद्ध तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात इशारा आहे, तो याच दृष्टीने लक्षात घ्यावयास हवा. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांची ख्रिस्ती श्रद्धा दृढ होती. तरीही १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करताना त्यांनी वेदनाशमनाला अग्रस्थान दिले. मुंबईत १९८६ साली स्थापन झालेल्या शांती अवेदना सदनाने भारतात ती वाट दाखविली.

देणगीदारांसाठी आणखी एक निवेदन. सार्वकालिक जीवन मिळण्यासाठी काय करावे, असा प्रश्न लूकाच्या १०व्या अध्यायात एक शास्त्री विचारतो. त्याच्या संवादात येशू दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट सांगतो. तो जखमी वाटसरूला उतारशाळेत नेतो, दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी अनामत ठेवतो, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगतो. रुग्णालयाच्या कोणत्याही प्रशासकाला ही गोष्ट आवडावी! मात्र तिचा अर्थ देणगी देऊन स्वर्ग विकत घेता येतो असा नव्हे. आमचे कार्यालय देणगीची पावती देते. सार्वकालिक जीवनाची पावती देण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. योहानाचे पहिले पत्र ३ऱ्या अध्यायात सांगते, की आपण मरणातून जीवनात आलो आहोत हे बंधुप्रीतीवरून कळून येते. प्रीती ही त्या जीवनाची किंमत नव्हे, ती त्याची खूण आहे. आणि मत्तयाच्या २५व्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या वेळीही आजाऱ्याची विचारपूस केली काय, याचीच चौकशी होते. आजची खूण आणि शेवटचा प्रश्न, दोन्ही रुग्णाच्या खाटेपाशीच येऊन मिळतात.

म्हणून, आप्तेष्टहो, आपल्या प्रश्नाला मी असे उत्तर देईन. आपल्या माणसाने अखेरच्या दिवसांत जी प्रार्थना पुटपुटली, ज्याला क्षमा केली, जो हात घट्ट धरून ठेवला, ते सारे त्या जीवनाचेच होते. ते त्याला उशिरा मिळाले असे नाही. आणि जे शरीर आपण मातीला दिले, त्याचा व्यवहार अजून पुरा व्हावयाचा आहे, ही ख्रिस्ती माणसाची आशा आहे. तोवर विसार ज्यांच्या हाती आहे त्यांनी वॉर्डातील रात्रपाळी सांभाळावी, औषधांचा साठा अपुरा पडू देऊ नये, आणि कोणत्याही रुग्णाला एकटे मरू देऊ नये.