हृदयाची दुर्बलता आणि औषधांतील सातत्य
(वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आम्ही डॉक्टर नव्हे. जन्मभर हाती खडू धरलेले शिक्षक आहो. तथापि आमच्याच एका चुकीने आम्हांस हा विषय शिकविला. ती चूक येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमच्या वडीलबंधूंना चार पायऱ्या चढताच दम लागे, झोपताना तीन उशा लागत, पाय सुजत. डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' असे निदान करताच घरात रडारड झाली. वस्तुतः याचा अर्थ हृदय बंद पडले असा नव्हे. शरीरास लागेल तितके रक्त पुढे लोटण्याचे सामर्थ्य त्यास उरले नाही, असा होय. मागे तुंबलेल्या रक्तातील पाणी फुप्फुसांत झिरपते, म्हणून दम लागतो; पायांत उतरते, म्हणून सूज येते. मूत्रपिंडेही मीठ व पाणी धरून ठेवू लागतात आणि दुखणे दुणावते. हृदयविकाराचा झटका, दुर्लक्षिलेला रक्तदाब, मधुमेह, अतिमद्यपान, बालपणीच्या संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा, ही त्याची प्रमुख कारणे होत.

१७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने डिजिटॅलिस वनस्पतीच्या उपयोगावर ग्रंथ लिहिला. आज त्याहून प्रभावी औषधे आहेत. फ्युरोसेमाइडसारखी गोळी लघवीवाटे पाणी काढते. तिचा गुण डोळ्यांना दिसतो. परंतु हृदयाचे आकुंचन मंदावलेल्या रुग्णाचे आयुष्य वाढवितात ती औषधे निराळी. १९८७ साली एनालाप्रिलने, १९९९ साली स्पायरोनोलॅक्टोनने तीव्र दुखण्यातील मृत्यू कमी होतात असे दिसून आले. कार्व्हेडिलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे तोच गुण देतात. मधुमेहाचे डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांसही उपकारक ठरते, हे २०१९ साली कळले. ही औषधे मुकाट्याने काम करतात, म्हणूनच माणसास ती निरुपयोगी वाटतात.

आम्हांसही तसेच वाटले. सूज उतरताच आम्ही म्हणालो, "दादा, आता बरे आहे, एवढ्या गोळ्या कशाला?" त्यांनी धाकट्या भावाचे ऐकले. महिन्याभरात त्यांना पुन्हा इस्पितळात न्यावे लागले. ते वाचले, परंतु देवळापर्यंत चालणे त्यांना पुन्हा जमले नाही. त्यांनी आम्हांस कधी दोष दिला नाही. तो आम्हीच देतो.

यास्तव विनंती इतकीच. घरी असा रुग्ण असल्यास पापड-लोणचे आवरावे. रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास डॉक्टर गाठावा. अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नये, कारण तीही पाणी धरून ठेवू शकते. आणि बरे वाटले म्हणून डॉक्टरांस न विचारता कोणतेही औषध थांबवू नये. बरे वाटते, ते त्या औषधांमुळेच!

इतके निवेदन करून आम्ही आपली रजा घेतो.