आजीची पाटी



दुधापेक्षा दुधावरची साय अधिक गोड, असे आपण म्हणतो. गेल्या वर्षी मला नात झाली, तेव्हा या म्हणीचा अर्थ उमगला. मुलांच्या वेळी संसाराची विवंचना होती; आता बोबडे बोल ऐकावयास सवड आहे.

पण या आनंदात एक शल्यही जागे झाले. मी ३६ वर्षे मुलांना अक्षरे शिकविली. माझी आई मात्र अखेरपर्यंत अंगठाच उठवीत राहिली. ज्या नातवंडांना तिने मांडीवर वाढविले, त्यांचे नाव तिला कधी वाचता आले नाही.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे हे लहानसे गाव आहे. तेथे जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाटीदप्तर घेऊन वर्गात बसल्या आणि नातवंडे त्यांच्या अभ्यासातील सोबती झाली.

आपणही, ज्याच्या घरी निरक्षर आजी असेल त्या मुलास एवढाच गृहपाठ द्यावा : आजीला प्रथम तिचे नाव शिकव, मग तुझे. मला जे सुचले नाही, ते आपणांस वेळीच सुचावे, एवढीच विनंती.