साडेसातीचा हिशोब



कीर्तन संपलं की कुणीतरी ग्रहांचं विचारतंच. एकदा एक आई पाया पडून म्हणाल्या, "महाराज, लेकाला साडेसाती लागली. म्हैस विकून शांती करू का?" म्हटलं, "आई, शनी कधी बघितला का?" म्हणाल्या, "तो कुठं दिसतो?"

आता बघा! ज्याच्या भीतीनं गोठा रिकामा करायचा, त्याचं दर्शनच कधी घेतलेलं नाही.

अहो, दिसतो! एकादशीला जागर करता ना? मग घटकाभर मंडपाबाहेर या, वर बघा. चंद्राची जी वाट, तिच्याच आसपास ग्रह असतात. तारका लुकलुकते, ग्रहाचा उजेड बहुधा स्थिर असतो. शुक्र सर्वांत तेजस्वी. तो पहाटे पूर्वेला, नाहीतर सांजेला पश्चिमेला. मंगळ तांबूस, शनी फिकट पिवळा. शेजारची तारका ध्यानात ठेवून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बघा, ग्रह सरकलेला असतो. शनी मात्र सावकाश. म्हणून तर त्याचं नाव शनैश्चर, हळू चालणारा!

आता हिशोब करा. बारा राशी फिरायला शनीला साधारण ३० वर्षं लागतात; म्हणजे एका राशीला अडीच. साडेसाती तीन राशींना असते. बारांतल्या तीन, म्हणजे चौथाई. दिंडीत ४०० वारकरी असले, तर त्यांतल्या शंभरेकांना या घडीला साडेसाती आहेच की! त्यांची वारी अडली का? पांडुरंगानं त्यांना महाद्वारातून माघारी धाडलं का?

आणि हा शनी सूर्यापासून सुमारे १४० कोटी किलोमीटर लांब. त्याला स्वतःचा उजेड नाही. सूर्याचाच उजेड त्याच्यावरून आपल्यापर्यंत येतो. लहान दुर्बिणीतून पाहिलं तर त्याच्याभोवती कडं दिसतं, बर्फाच्या नि दगडांच्या तुकड्यांचं. एवढं देखणं रूप! मग घडवणाऱ्याला हात जोडायचे, की घडलेल्याला भ्यायचं?

तेव्हा आई, म्हैस विकू नका. दूध घाला, लेकाला कामाला जुंपा, मुखी नाम असू द्या. आणि शनी वर असेल त्या रात्री लेकाला अंगणात नेऊन म्हणा, "बघ बाळा, तो आपल्या वाटेनं चाललाय. आपण आपल्या वाटेनं पंढरीला जाऊ."

रामकृष्ण हरी!