दम होता, तयारी नव्हती

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी केलेले भाषण)



उद्या सकाळी मैदानावर आपली धावण्याची शर्यत आहे. त्यात मी नाव दिलंय हे कळल्यावर इथे जो हशा पिकला, त्याला उत्तर म्हणून हे चार शब्द.

आठवीत मैदानाची दुसरी फेरी मी कधीच पूर्ण केली नाही. पहिल्या वळणावरच धाप लागायची. सर म्हणायचे, "बस बाळ, लिंबाखाली बस." सर, त्यात तुमची माया होती. मी मात्र त्यातून एक निष्कर्ष काढला, की माझ्यात दमच नाही. तो मी तीस वर्षं जपला.

तीन वर्षांपूर्वी मुलीबरोबर सिंहगड चढायला गेले. आतकरवाडी सोडून दहा मिनिटं झाली नाहीत तोच दगडावर बसले. मुलगी म्हणाली, "आई, तू इथेच थांब, मी जाऊन येते." ते 'इथेच थांब' फार लागलं. डॉक्टरांनी रक्त, हृदय, फुप्फुसं तपासली. सगळं ठीक होतं. मग धाप कशाची, म्हणून वाचायला लागले.

फुप्फुसं स्वतःहून फुगत नाहीत. त्यांना ओढून फुगवतात ते श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जोरात धावताना हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. हे काम स्नायूच करतात, आणि तेही थकतात. ते फार थकले, की शरीर पायांच्या रक्तवाहिन्या आखडून घेतं. म्हणजे पाय जड होतात त्याचं मूळ कधीकधी छातीत असतं.

आपण धावण्याआधी पोटऱ्या ताणतो, गुडघे फिरवतो. श्वासाच्या स्नायूंची आठवण कोणाला होते? ब्रिटनमधल्या संशोधकांनी वल्हवणाऱ्या खेळाडूंवर केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तयारीला श्वासाच्या स्नायूंची वेगळी तयारी जोडल्यावर त्यांची कामगिरी सुधारली आणि धापही कमी जाणवली. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत वेग वाढलेला दिसला नाही, हेही सांगायला हवं.

पद्धत साधी आहे. श्वास आत घेताना अडथळा देणारं एक छोटं उपकरण मिळतं. आपल्या पूर्ण ताकदीच्या साधारण ४० टक्के जोर लागेल असा अडथळा ठेवायचा. ३० श्वास, थोडी विश्रांती, पुन्हा ३० श्वास. जोर याहून फार वाढवला तर स्नायू तयार होण्याऐवजी आधीच दमतात. घाईघाईनेही करायचं नाही, चक्कर येते.

उपकरण नसेल तर बेंबीच्या वर हात ठेवा, नाकाने सावकाश खोल श्वास घ्या, हात पुढे सरकतोय ना पाहा, आणि सावकाश सोडा. उपकरणाइतका भार यात पडत नाही. म्हणून त्यानंतर पहिली दहा मिनिटं नुसतं चाला, मग वेग वाढवा.

मी हे दोन्ही करते. त्यामुळे श्रेय नेमकं श्वासाच्या तयारीचं किती आणि सावकाश सुरुवातीचं किती, हे मला सांगता येणार नाही. धाप अजूनही लागते, पण तिची भीती वाटत नाही. गेल्या हिवाळ्यात देवटाक्यापर्यंत पोचले, मडक्यातलं दही खाल्लं. लेक माझ्यासाठी दोनदा थांबली, पण 'इथेच थांब' म्हणाली नाही.

आता गंमत बाजूला ठेवून एक सांगते. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. छातीवर दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, ही साधी धाप नव्हे. तिथे लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. "पाच मिनिटांत बरं वाटेल" म्हणत बसायचं नाही. ज्यांना दमा आहे, हृदयाचा त्रास आहे किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी हे उपकरण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

बाकीच्यांनी उद्या शर्यतीच्या अर्धा तास आधी या. आधी श्वास, मग चालणं, मग धावणं.

आणि सर, उद्या लिंबाखाली तुम्ही बसा. माझी दुसरी फेरी राहिली आहे.