आधी ऐकणे, मग शिकविणे



स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर सकाळच्या गाडीने एखादी बाई उतरते. काखेत पोर, पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्या. डॉक्टर काय म्हणाले, असे तिला विचारा. 'काय तरी म्हणाले बाई,' एवढेच उत्तर येईल. तिला अडाणी म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते येथे अडाणी ती नव्हे, सांगणारा आहे.

पुण्याला हे नवे नाही. १८९७ च्या प्लेगात रोगी हुडकण्यासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले. माजघर म्हणू नका, देवघर म्हणू नका! रोगी वेगळा ठेवावा हे वैद्यकाला धरूनच होते. पण लोक रोगी लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या दवाखान्यात पोचवीत होत्या, आणि त्यातच १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्यापासून कोणी रोगी लपविला असेल काय?

गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली, तेव्हा आदिवासींना प्रथम हे विचारले की, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? तेथे सगळे पांढऱ्या कपड्यांत वावरतात आणि आम्ही मढे पांढऱ्यात गुंडाळतो, असे लोक म्हणाले. मग दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, नातलगांना राहण्यास जागा ठेवली, आणि नाव दिले दंतेश्वरी देवीचे.

पण खरी कसोटी पुढेच होती. तान्ह्या मुलाचा न्यूमोनिया श्वास मोजून ओळखावा लागतो, आणि गावच्या सुइणींना दहाबाराच्या पुढे मोजता येत नव्हते. एखाद्या शिक्षकाने त्यांना घरी पाठविले असते! येथे मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा; वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतील बाळाला सहावा मणी लाल, मोठ्याला पाचवा. १९९९ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात तेथील घरोघरच्या नवजात-सेवेचा अहवाल आला. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्या याच वाटेने.

आता तुमच्या दाराशी आशाताई आली, तर तिला एवढेच विचारून पाहा: लोक ज्याला 'डबा' म्हणतात, तो शब्द तिच्या प्रशिक्षणाच्या वर्गात कोणी एकदा तरी उच्चारला होता काय?