साखर आणि मीठ एकत्रच का?

पावसाळा लागला की गटाच्या बैठकीत हप्त्याच्या आधी जुलाबाचा विषय निघतो. गेल्या वर्षी भाचीला हगवण लागली, तेव्हा मी एक लिटरचं ओआरएसचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं. म्हटलं, दाट म्हणजे गुणकारी. आमच्या आशाताईंनी पेला हातातून काढूनच घेतला.

मग शाळेतलं विज्ञान पुन्हा उघडलं. आपल्या प्रत्येक पेशीला पातळ आवरण असतं, पेशीपटल. ते स्निग्ध कणांच्या दोन थरांचं. कणाचं डोकं पाण्यात रमतं, शेपट्या पाण्याला टाळतात. म्हणून डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपट्या मधे लपलेल्या. रश्श्यावर तर्री वेगळी राहते ना, तोच स्वभाव. या तेलकट थरातून मीठ-साखर आपसूक जात नाही. त्यासाठी थरात जागोजागी प्रथिनं रुतलेली असतात, काही अगदी आरपार. तीच पेशीची दारं.

लहान आतड्यातलं एक दार मोठं हट्टी. एकट्या साखरेला घेत नाही, मिठातलं सोडियम सोबत हवं. ग्लुकोजच्या एका कणाबरोबर सोडियमचे दोन. ही जोडी आत गेली की मागोमाग पाणी जातं. पटकीतसुद्धा हे दार चालू राहतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली, सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजायला लावलं. शंभरातले तीसेक रोगी दगावत होते, ते चाराच्या आत आले.

पण पाणी दाट झालं, तर आतड्यातच उलटं पाणी ओढलं जातं आणि अंगात मीठ वाढतं. लेकराच्या जिवावर बेतलं असतं माझं शहाणपण. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. अंगावरचं दूध थांबवू नका. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून घ्या, जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायच्या. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पिईना किंवा शौचातून रक्त आलं, तर थेट दवाखाना.

पुढच्या बैठकीला मी लिटरचं माप आणते. तुम्ही घरातले चमचे आणा, एकेकीचा मापून बघू.